गोल्डन सर्कलमधल्या दोन रात्री: ऑर्नेट कोलमन त्रिकुटाचे स्टॉकहोम ध्वनिमुद्रण (१९६५)

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

स्टॉकहोमच्या स्वेआवेगन या हमरस्त्यावर कामगार शिक्षण संघटनेची मोठी इमारत आहे. साठच्या दशकात त्या इमारतीत 'यिल्लेने सिर्केल्न' नावाचे रेस्तराँ होते. या स्वीडिश नावाचा अर्थ सोनेरी वर्तुळ असा असून जगभरच्या जॅझ रसिकांना ती जागा 'गोल्डन सर्कल' या नावाने ठाऊक आहे. ३ आणि ४ डिसेंबर १९६५ या दोन रात्री तेथे अल्टो सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन, डबल बेसवादक डेव्हिड आयझेनझॉन आणि ड्रमवादक चार्ल्स मॉफेट यांनी जे वाजवले, त्याच्या दोन तबकड्या ब्लू नोट कंपनीने १९६६ मध्ये काढल्या. क्रमांक ४२२४ आणि ४२२५. फ्री जॅझ म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी व्याख्या सांगत बसत नाही, यांपैकी पहिली तबकडी लावून देतो.

धागा काढण्याचे कारण असे की, 'फ्री' या शब्दाने आपल्याकडे फार गैरसमज करून ठेवला आहे. मुक्त म्हणजे ज्याला जे सुचेल ते त्याने वाजवावे, अशी समजूत करून घेऊन लोक पाच मिनिटे ऐकतात आणि बाजूला होतात. या ध्वनिमुद्रणापुरते तरी मी ठामपणे सांगेन की येथे प्रत्येक स्वराला कारण आहे आणि ते ऐकू येते. मात्र त्यासाठी कान सॅक्सोफोनवर न ठेवता बेसवर ठेवावा लागतो. माझे सगळे म्हणणे याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. कोलमन यांचा जन्म १९३० सालचा, टेक्सासमधील फोर्ट वर्थचा. १९५९च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या क्लबमध्ये त्यांचे चौकूट (चार वादकांचा संच) वाजू लागले, तेव्हा ऐकणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. डिसेंबर १९६० मध्ये त्यांनी दोन चौकुटे एकत्र घेऊन सुमारे ३७ मिनिटांची सलग रचना ध्वनिमुद्रित केली. तिचे नाव 'फ्री जॅझ', आणि पुढे हेच नाव सगळ्या प्रवाहाला चिकटले. २१ डिसेंबर १९६२ रोजी त्यांनी न्यूयॉर्कचे टाउन हॉल सभागृह स्वतः भाड्याने घेऊन मैफल केली. आयझेनझॉन आणि मॉफेट त्या मैफलीतही होते. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे कोलमन जाहीरपणे वाजवेनासे झाले. त्या काळात त्यांनी व्हायोलिन आणि ट्रम्पेट ही दोन वाद्ये आपली आपण हाती घेतली आणि १९६५च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लबमध्ये ते पुन्हा रंगमंचावर आले. त्याच वर्षी हे त्रिकूट युरोपात गेले. म्हणजे स्टॉकहोमला पोहोचले तेव्हा तिघांचा एकमेकांशी तीन वर्षांचा परिचय होता, आणि मॉफेट तर कोलमन यांचे फोर्ट वर्थमधले शाळेपासूनचे मित्र. ही ओळख वादनात पदोपदी जाणवते.

आता मूळ मुद्दा. जॅझच्या रूढ पद्धतीत एखादी चाल घेतात, बहुधा ३२ मात्राखंडांची, आणि तिच्याखालची कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांची, साखळी पुन्हा पुन्हा फिरवत ठेवून वादक तिच्यावर उपज करतो. पियानो ती साखळी सांभाळतो. कोलमन यांनी पियानो काढून टाकला आणि साखळीही काढून टाकली. चाल मात्र ठेवली. आरंभी चाल येते, शेवटी बहुधा चाल येते, आणि मधल्या भागात वादक त्या चालीचा स्वभाव धरून पुढे जातो. आपला स्वराधार कोणता, तो केव्हा सोडायचा, हे त्या क्षणी ठरते. यांतला धोका उघड आहे. साखळी नसेल तर तिघे एकत्र कसे राहणार? आणि याच ठिकाणी आयझेनझॉन उभे आहेत.

त्यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी पिट्सबर्गमध्ये बेस शिकायला सुरुवात केली, १९६१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. पाश्चात्त्य अभिजात संगीताची तालीम त्यांच्या गजात स्पष्ट ऐकू येते. जॅझमध्ये बेस बहुतेक वेळ बोटांनी छेडतात, एकामागून एक समान अंतराने स्वर टाकत चालतात. आयझेनझॉन तसे चालतात, आणि उत्तम चालतात. पण मध्येच ते गज उचलतात आणि बेसचा उंच, जवळजवळ मानवी कंठासारखा सूर सॅक्सोफोनच्या शेजारी आणून ठेवतात. पहिल्या तबकडीवरील 'डॉन' ऐकावे. सॅक्सोफोन संथपणे एखादी ओळ म्हणतो आणि बेसचा गज त्या ओळीखाली आधार देण्याऐवजी तिच्या बरोबरीने दुसरी ओळ म्हणू लागतो. साथसंगत हा शब्द तेथे अपुरा वाटतो.

'फेसेस अँड प्लेसेस' हे पहिलेच वादन साडेअकरा मिनिटांचे आहे आणि पहिल्या श्रवणात ते वेगामुळे अंगावर येते. तरीही एकदा फक्त बेसच्या मागे जाऊन ऐका. कोलमन एखादा छोटा तुकडा चार वेळा, दर वेळी एखाद्या स्वराने वर सरकवून वाजवतात, तेव्हा बेस त्या सरकण्याच्या मागे धावत नाही. तो आपली जागा धरून ठेवतो, आणि म्हणूनच ते सरकणे आपल्याला सरकणे म्हणून कळते. दोघेही एकदम हलले असते तर कानाला काहीच कळले नसते.

ज्यांनी हे ऐकले असेल त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत. मतभेद असतील तर तेही हवेत.

प्रतिसाद: सांजवारा

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी हिंदुस्थानी संगीत लहानपणापासून ऐकत आले आहे, जॅझ मात्र अगदी अलीकडे. हा अल्बम मी एकदा लावला होता आणि दुसऱ्या वादनापर्यंत पोहोचून बंद केला, हे प्रांजळपणे सांगते. अडचण कर्कशपणाची नव्हती. मला कोठे थांबायचे, कोठे श्वास घ्यायचा, हेच कळत नव्हते. ख्याल ऐकताना सम येते आणि मनाला क्षणभर टेकायला जागा मिळते. येथे टेकायचे कोठे? तुम्ही बेस ऐका म्हणता, पण माझ्या कानाला बेस वेगळा निवडताच येत नाही. त्यासाठी काही युक्ती आहे का?

प्रतिसाद: मांडवीकाठ

माझ्या घरात सॅक्सोफोन होता. माझे मामा मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत अनेक वर्षे टेनर सॅक्सोफोन वाजवत असत. गोव्यातील पुष्कळ वादकांप्रमाणे त्यांचेही पहिले शिक्षण चर्चच्या शाळेत, स्वरलिपी वाचण्यापासून झाले होते. त्यांनी मला कॉर्ड शिकवल्या, प्रत्येक कॉर्डवर कोणते स्वर चालतात ते शिकवले, आणि कोलमन यांच्याविषयी त्यांचे मत एकाच वाक्यात होते: या माणसाचा सूर लागत नाही. मामांचा कान फार पक्का होता, त्यामुळे ते मत मी सहज बाजूला सारू शकत नाही. 'डी डी' ही धून मला आवडते, तिच्यात आमच्याकडच्या लग्नाच्या बँडसारखा मोकळा आनंद आहे; पण लांब स्वरांवर कोलमन खरोखरच स्वराच्या थोडे वर किंवा थोडे खाली असतात. हा गुण आहे की आपण मोठ्या नावामुळे दोषाला गुण म्हणू लागलो आहोत? हा प्रश्न मी खोडसाळपणे विचारत नाही, मला खरोखर उत्तर हवे आहे.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

सांजवारा, बेस निवडण्यासाठी माझा मार्ग सांगतो. हेडफोन वापरावा आणि सुरुवात 'फेसेस अँड प्लेसेस'पासून न करता 'डॉन'पासून करावी, कारण तेथे गजामुळे बेसचा स्वर लांबतो आणि कानाला पकडता येतो. एकदा त्या वाद्याचा आवाज ओळखीचा झाला की जलद वादनातही तो सापडू लागतो. टेकायला जागा कोठे, हा प्रश्न मात्र मोठा आहे. त्यावर कोणी तालाचा जाणकार लिहील तर बरे.

मांडवीकाठ, तुमच्या मामांचे निरीक्षण बरोबर आहे, आणि ते नाकारून कोलमन यांचा बचाव करू नये असे मला वाटते. स्वर वर-खाली आहेतच. प्रश्न इतकाच की ते हेतूने आहेत का. कोलमन यांचे स्वतःचे म्हणणे असे होते की 'पीस' नावाच्या रचनेतला एक स्वर आणि 'सॅडनेस' नावाच्या रचनेतला तोच स्वर हे एकसारखे वाजता कामा नयेत. म्हणजे स्वराची उंची भावनेप्रमाणे हलते, असे ते मानत. पियानोच्या पट्ट्या पाहून संगीत शिकलेल्या माणसाला हे चूक वाटेल. पण दरबारी रागातला गांधार ऐकत वाढलेल्या माणसाला ते चूक वाटण्याचे कारण नाही. तो गांधार अतिकोमल आहे, आंदोलित आहे, आणि पेटीच्या पट्टीवर तो सापडत नाही म्हणून आपण त्याला बेसूर म्हणत नाही. दोन्हींत फरक आहे हेही मान्य करायला हवे. दरबारीच्या गांधाराची जागा परंपरेने ठरवलेली आहे, शेकडो गायकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. कोलमन यांच्या स्वराची जागा त्यांनी एकट्याने त्या क्षणी ठरवलेली आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला विश्वास ठेवायला दुसरा साक्षीदार हवा असतो. माझ्या दृष्टीने तो साक्षीदार पुन्हा आयझेनझॉनच आहेत. त्यांचा सूर अभिजात तालमीतला, काटेकोर. तो शेजारी असतो तेव्हा कोलमन किती आणि कोणत्या दिशेने हलले ते मोजता येते, आणि एकाच प्रकारच्या ओळीत ते बहुतेक वेळा एकाच दिशेने हलतात, असे मला वारंवार ऐकून वाटू लागले आहे. चुकणारा माणूस इतक्या नियमाने चुकत नाही.

प्रतिसाद: तीनताल

मी तबला शिकलो आहे, म्हणून सांजवारा यांच्या समेच्या प्रश्नावर लिहितो.

आपल्या बोलण्यात लय आणि ताल हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी येतात, पण हा अल्बम समजण्यासाठी त्यांतला भेद फार उपयोगी आहे. लय म्हणजे समान अंतराची गती. ताल म्हणजे त्या गतीला बांधलेले आवर्तन, ठराविक मात्रांचे, ठराविक खंडांचे, समेवर परतणारे. रूढ जॅझमध्ये दोन्ही आहेत, कारण ३२ मात्राखंडांची चाल हे एक प्रकारचे दीर्घ आवर्तनच असते. गोल्डन सर्कलच्या बहुतेक वादनांत लय आहे, आवर्तन नाही. मॉफेट यांची झांज सतत चालू असते, तिच्यात जॅझचा झोका (स्विंग) पूर्ण आहे, पाय आपोआप हलतो. पण ते चार-चार मात्रांचे खंड मोजत एखाद्या ठरलेल्या समेकडे जात नाहीत. म्हणून सांजवारा यांना टेकायला जागा सापडली नाही. तेथे ती आधीपासून बांधलेलीच नाही.

तरीही विश्रांतीच्या जागा आहेत आणि त्या श्वासाच्या आहेत. कोलमन यांची ओळ संपते, ते श्वास घेतात, आणि मॉफेट त्या श्वासात स्नेअरवर किंवा मोठ्या झांजेवर एखादा ठोका असा ठेवतात की ओळीला विराम मिळतो. हा विराम किती मात्रांनी येणार हे कोणालाच आधी माहीत नसते. तो दोघांना एकाच क्षणी कसा सापडतो, हे या ध्वनिमुद्रणातले माझ्यासाठी सर्वांत मोठे आश्चर्य आहे. येथे मी धागाकर्त्यांशी थोडा असहमत आहे. त्यांनी सगळे श्रेय बेसला दिले आहे. मॉफेट हे मुळात ट्रम्पेट वाजवत असत, ड्रमकडे ते नंतर वळले, आणि टेक्सासमधील शाळांत त्यांनी संगीत शिकवले होते. फुंकून वाजवणाऱ्या वादकाला श्वास कोठे संपतो हे शरीराने कळते. मॉफेट यांचे हात ड्रमवर असले तरी त्यांची वाक्यरचना फुंकवाद्याची आहे. त्यामुळे तिघे एकत्र कसे राहतात, याचे उत्तर मी निम्मे तरी मॉफेट यांच्या पदरात टाकीन.

'द रिडल' मुद्दाम ऐकावे. त्यात लय स्वतःच बदलते, मध्येच मंदावते, पुन्हा उसळते, आणि हे बदल कोणी हाताने खूण करून दाखवल्यासारखे ठोकळेबाज नाहीत. आपल्याकडे विलंबितातून द्रुतात जाताना वादक आणि तबलजी यांच्यात डोळ्यांनी बोलणे होते. येथे ते कानांनीच होत असावे.

प्रतिसाद: उत्तररात्र

मी नोकरीनिमित्त काही वर्षे स्वीडनमध्ये आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला स्टॉकहोममध्ये दुपारी तीन वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. संध्याकाळी माणसे मैफलीला येतात तेव्हा बाहेर कित्येक तास काळोख झालेला असतो आणि आत शिरताना कोट, टोप्या, हातमोजे उतरवण्याचा एक लांबलचक विधी असतो. पहिल्या हिवाळ्यात मी स्वेआवेगनवरून त्या इमारतीपाशी मुद्दाम गेलो होतो. आत जे वाजले होते त्याची कोणतीही खूण मी शोधत नव्हतो, फक्त रात्र कशी असते ते पाहायचे होते. त्यानंतर अल्बम ऐकला तेव्हा वादन संपल्यावरच्या टाळ्या मला वेगळ्या ऐकू आल्या. त्या फार मोठ्या नाहीत. एका खोलीत बसलेल्या, लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसांच्या त्या टाळ्या आहेत. मोठ्या सभागृहात हे संगीत इतके जवळचे वाटले नसते.

मुखपृष्ठाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. हिवाळी कोट घातलेले तिघे जण बर्फाच्छादित झाडीत उभे आहेत. ब्लू नोटचे फ्रान्सिस वुल्फ हे स्वतः छायाचित्रकार होते आणि या ध्वनिमुद्रणाचे निर्मातेही तेच. टेक्सासच्या उन्हात वाढलेली दोन माणसे त्या बर्फात उभी आहेत, हे चित्र मी रोज पाहतो त्या हवेतले असल्यामुळे मला ते फार जवळचे वाटते. रचनांची नावेही तशीच आहेत: 'युरोपियन एकोज', 'स्नोफ्लेक्स अँड सनशाइन', 'मॉर्निंग साँग', 'डॉन'. पहाट हा शब्द या अक्षांशावर डिसेंबरमध्ये सकाळी साडेआठच्या सुमारास उच्चारतात.

आणखी एक गोष्ट. स्टॉकहोमच्या श्रोत्यांना हे संगीत अगदीच अनोळखी नव्हते. टेनर सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलर १९६२ मध्ये स्वीडनमध्ये राहिले होते आणि त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमलाच झाले. अमेरिकेत अशा वादकांना काम मिळणे कठीण होते त्या दिवसांत स्कँडिनेव्हियातल्या श्रोत्यांनी त्यांना ऐकून घेतले, याची नोंद व्हायला हवी.

प्रतिसाद: कोरा कागद

सर्वांनी इतके प्रेमाने लिहिले आहे की वेगळा सूर लावताना संकोच होतो, पण दुसऱ्या तबकडीवरील पहिल्या वादनाबद्दल बोलल्याशिवाय ही चर्चा पूर्ण होणार नाही. 'स्नोफ्लेक्स अँड सनशाइन'मध्ये सॅक्सोफोन नाहीच. कोलमन डावखुऱ्या हाताने व्हायोलिन वाजवतात आणि आलटून पालटून ट्रम्पेट घेतात. दहा मिनिटांहून अधिक काळ हे चालते. ज्या माणसाने अल्टो सॅक्सोफोनवर आयुष्यभराचे कष्ट घेतले, त्याने दोन वर्षांत आपल्या आपण शिकलेले वाद्य घेऊन पैसे देऊन आलेल्या श्रोत्यांसमोर उभे राहावे, हे मला पटत नाही. आपल्या संगीतात तालमीला किती मान आहे हे मी सांगायला नको. रियाझाशिवाय कोणी सारंगीचा गज हातात घेऊन मंचावर बसला असता तर आपण ते ऐकून घेतले असते का? मी हे वादन चार वेळा ऐकले. त्यातली ऊर्जा मला कळते, पण व्हायोलिनचा स्वर उमटण्यापूर्वीच गज पुढे निघून जातो, आणि माझ्या कानाला फक्त घर्षण उरते.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

कोरा कागद, तुम्ही चार वेळा ऐकून लिहिले आहे, त्यामुळे या मताचा मी आदर करतो. त्या वादनाबद्दल मी स्वतः अनेक वर्षे तुमच्याच बाजूला होतो. आज मी तेथे नाही, पण पूर्ण पलीकडेही नाही.

माझे मत बदलण्याचे कारण असे. व्हायोलिन हे सूर लावण्याचे वाद्य आहे, ही आपली अपेक्षा आहे. कोलमन ते तालवाद्यासारखे वापरतात. गज तारांवरून इतक्या वेगाने पुढे-मागे जातो की स्वरांची ओळ न उमटता एक पोत उमटतो, आणि त्याच वेळी आयझेनझॉनही गज वापरत असल्यामुळे वरचा गज आणि खालचा गज मिळून एकच दाट कापड विणल्यासारखे होते. मॉफेट त्यावर ठोके देतात. येथे सॅक्सोफोन असता तर तो पुन्हा मध्यभागी येऊन उभा राहिला असता, ऐकणाऱ्याने पुन्हा त्याच्याच मागे धाव घेतली असती. म्हणजे आपल्याच हुकमी वाद्याला बाजूला ठेवून कोलमन यांनी तिघांना एका पातळीवर आणले. तालमीचा तुमचा मुद्दा मात्र त्याने खोडला जात नाही. ट्रम्पेटच्या बाबतीत मला अजूनही वाटते की तो स्वर कच्चा आहे.

तीनताल यांनी मॉफेट यांच्याबद्दल जे लिहिले ते वाचून मी काल 'फेसेस अँड प्लेसेस' पुन्हा ऐकले, आणि श्वासाच्या जागी पडणारे ते ठोके मला इतकी वर्षे ऐकू आले नव्हते हे कबूल करतो. सगळे श्रेय बेसला देण्यात माझी घाई झाली.

आयझेनझॉन यांच्याविषयी आणखी थोडे सांगावेसे वाटते, कारण त्यांचे नाव फार कमी घेतले जाते. टाउन हॉलच्या १९६२च्या ध्वनिमुद्रणात 'सॅडनेस' नावाची छोटी रचना आहे, तीत त्यांचा गज ऐकावा. स्टॉकहोमला जे उमलले त्याचे बीज तेथे आहे. सत्तरच्या दशकात त्यांचा मुलगा आजारी पडला आणि त्यांनी वादन खूप कमी केले. त्याच काळात मानसोपचार या विषयात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९७९ मध्ये ते गेले, तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती.

प्रतिसाद: तीनताल

तुलनेसाठी दोन ध्वनिमुद्रणे सुचवतो, दोन्ही मैफलीतली आणि दोन्ही सॅक्सोफोन, बेस, ड्रम अशा त्रिकुटांची. सनी रोलिन्स यांनी ३ नोव्हेंबर १९५७ रोजी 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये पियानो न घेता वाजवले. तेथे पियानो गेला आहे, पण कॉर्डची साखळी आणि आवर्तन दोन्ही जागेवर आहेत, त्यामुळे लय आणि ताल दोन्ही मिळतात. दुसरे १४ जून १९६४चे, न्यूयॉर्कच्या 'सेलर कॅफे'मधले अल्बर्ट आयलर यांचे. गॅरी पीकॉक बेसवर, सनी मरे ड्रमवर. 'प्रॉफेसी' या नावाने ते पुढे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे मरे यांनी समान गतीसुद्धा सोडून दिली आहे, झांजेचा एक अखंड थरार तेवढा आहे. म्हणजे लयही हातातून सुटलेली. गोल्डन सर्कल या दोन्हींच्या मधोमध आहे, आणि नव्याने ऐकणाऱ्याला आधाराला निदान लय मिळते, म्हणून प्रवेशासाठी मी याचीच शिफारस करीन.

प्रतिसाद: मांडवीकाठ

दरबारीच्या गांधाराचा दाखला माझ्या मनात दोन दिवस घोळत राहिला. मामा आज असते तर त्यांना तो पटला असता का, सांगता येत नाही; त्यांनी ख्याल फारसा ऐकला नव्हता. पण एक प्रयोग मी केला. घरचा जुना सॅक्सोफोन काढला आणि 'युरोपियन एकोज'ची चाल वाजवून पाहिली. वॉल्ट्झच्या तीन मात्रांची ती चाल लहान मुलाच्या गाण्याइतकी सोपी आहे. मी ती पियानोच्या काटेकोर सुरात वाजवली तेव्हा ती खरोखरच बालगीतासारखी झाली, गोड आणि निर्जीव. मग शेवटचा लांब स्वर ओठांची पकड किंचित सैल करून थोडा खाली सोडला. त्या एका बदलाने चालीत काहीतरी जुने, दूरचे आले. मामांचे मत मी चूक म्हणणार नाही. ज्या वाद्यवृंदात दहा माणसे एकत्र वाजवतात तेथे एकाने असा स्वर सोडला तर सगळ्यांचे वादन बिघडते, आणि त्यांचे आयुष्य अशा वाद्यवृंदांत गेले. तीन माणसांत, त्यातही पियानो नसताना, तो स्वर सोडायला जागा आहे.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

मांडवीकाठ, तुमच्या या प्रयोगाने माझ्या लांबलचक स्पष्टीकरणापेक्षा अधिक काम केले आहे. त्रिकूटच का, याचे उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. कृपया जमल्यास 'डी डी'सुद्धा वाजवून पाहावे.

प्रतिसाद: सांजवारा

सांगितल्याप्रमाणे हेडफोन लावून 'डॉन' ऐकले. पहिल्या वेळी बेस सापडला आणि हरवला. दुसऱ्या वेळी गज उचलला गेला ती जागा ओळखता आली. तिसऱ्या वेळी सॅक्सोफोन मला मागे गेल्यासारखा वाटू लागला आणि बेसच पुढे येऊन बोलू लागला. तानपुऱ्यासारखा तो आधार देत असेल अशी माझी समजूत होती, ती पूर्ण चुकीची निघाली. तो मध्येच प्रश्न विचारल्यासारखा वर जातो आणि तेथेच थांबतो. सॅक्सोफोन लगेच उत्तर देत नाही. ती जी मधली रिकामी जागा आहे, तेथे झांजेवर अगदी हलका एक स्पर्श होतो, आणि तीनताल म्हणतात तो विराम हाच असावा असे मला वाटले. टेकायला जागा मिळाली.

त्यानंतर लगेच 'फेसेस अँड प्लेसेस' लावले. चार मिनिटांपर्यंत बेस हातात राहिला, मग सुटला. उद्या पुन्हा लावणार आहे. 'मॉर्निंग साँग'मध्येही गज आहे का, हे कोणी सांगू नये, माझे मला शोधायचे आहे.